शक्तिमान ट्रक बारा वर्षं उभा आहे, सुरू करायच्या आधी काय बघू?

लिलावातला शक्तिमान मामांकडून घेतलाय, मॅन या जर्मन कंपनीच्या परवान्यावर १९५९ पासून लष्करासाठी जबलपूरला बनायचा तोच, फोर व्हील ड्राइव्ह. बारा वर्षं शेडमध्ये पडून आहे, टाकीचं झाकण उघडलं तर वार्निशसारखा वास येतो आणि तळाला चॉकलेटी चिकट गाळ. थेट बॅटरी लावून सेल्फ मारू का?

घाटवाला: नको रे बाबा, सेल्फला हात लावू नकोस! आधी नोझल (सिलिंडरमध्ये डिझेल फवारणारे) काढ, प्रत्येक सिलिंडरमध्ये थोडं ऑइल सोड, दोन दिवस मुरू दे आणि मग इंजिन हाताने फिरव, पूर्ण दोन फेरे न अडखळता फिरलं तरच पुढचं. टाकी उतरवून धू, फिल्टर नवे टाक, डिझेल पंपात अडकलेली एअर काढ. पंपाचा रॅक, म्हणजे डिझेल कमीजास्त करणारी दांडी, हाताने सरकतो का ते नक्की बघ, तो फुल डिझेलवर जाम असला तर इंजिन बेफाम सुटतं आणि चावी फिरवूनही बंद होत नाही, माझ्यासमोर झालंय, इंजिन हवा ओढतं त्या तोंडावर फळी दाबून बंद केलं होतं.

जुनी_गाडी: ब्रेकचे सगळे रबर बदला दादा, वरून चांगले दिसले तरी. आणि लॉक रिंगवाल्या (टायर जागेवर धरणारी सुटी लोखंडी कडी असलेल्या) चाकात हवा भरताना समोर उभं राहू नका, गंजलेली रिंग उडाली तर माणूस जातो. चाक लोखंडी पिंजऱ्यात ठेवूनच भरा.

आरटीओ_फेऱ्या: लिलावाचे कागद मूळ जपा. रंग मात्र ऑलिव्ह ग्रीन ठेवता येणार नाही, तो फक्त संरक्षण खात्याच्या गाड्यांना.

प्रश्नकर्ता: रंगाचं वाईट वाटलं खरं. रविवारी नोझल काढतो, फोटो टाकतो.