लीग टूची अवे मॅच प्रेस बॉक्समधून कव्हर करायची आहे, कुणी केलंय का?

डोंबिवलीकर_शेफिल्डात

नमस्कार मंडळी. मी सध्या शेफिल्डला स्पोर्ट्स जर्नलिझममध्ये मास्टर्स करतोय. इथून जवळच चेस्टरफिल्ड नावाचं गाव आहे, तिथल्या चर्चचा कळस वाकडा आहे म्हणून टीमला स्पायराइट्स म्हणतात, लीग टूमध्ये खेळतात म्हणजे इंग्लंडमधला चौथा स्तर. तर एका लोकल वेबसाइटचा नेहमीचा माणूस सुट्टीवर चाललाय आणि त्यांची ग्रिम्सबीची अवे मॅच, म्हणजे समोरच्या टीमच्या ग्राउंडवरची, मला कव्हर करायला मिळतेय. शनिवारी ३ चा किकऑफ, आणि एडिटरला शिट्टी वाजल्या वाजल्या ६०० शब्द हवेत, वर थोड्या वेळाने मॅनेजरच्या कोट्ससकट दुसरा रिपोर्ट.

आतापर्यंत मी सगळ्या मॅच टीव्हीवर बघून लिहिल्यात. तिथे रिप्ले असतो, स्कोअररचं नाव स्क्रीनवर येतं, कॉमेंटेटर बडबडत असतो. इथे यातलं काहीच नसणार आणि ग्रिम्सबीचा एकही प्लेअर मी ओळखत नाही. प्रेस बॉक्समध्ये नेमकं करतात काय, कधी काय लिहायला घ्यायचं, कुणाला काय विचारायचं, काहीही सांगा. हसलात तरी चालेल.

ढगाळ_हवा

अभिनंदन रे. मी मिडलंड्समध्ये बरीच वर्षं हेच केलंय, आता डेस्कवर बसतो आणि दुसऱ्यांच्या चुका काढतो.

आधी साधी गोष्ट. ग्रिम्सबी टाऊनचं ग्राउंड ग्रिम्सबीत नाहीये, शेजारच्या क्लीथॉर्प्समध्ये आहे, ब्लंडेल पार्क. त्यांच्याबद्दल जुना जोकच आहे की हे लोक वर्षभर अवेच खेळतात. शेफिल्डहून थेट गाडी आहे, ग्रिम्सबी टाऊन स्टेशन आलं की घाईने उतरू नकोस, शेवटच्या स्टॉपपर्यंत गाडीतच बसून राहा आणि मग चालत ये. दीड वाजेपर्यंत ग्राउंडवर पोच. पासचं आत्ताच बघ, होम क्लबच्या मीडिया ऑफिसरला मेल गेलाय का आणि तुमच्या वेबसाइटकडे डेटाकोचं लायसन्स, म्हणजे लीगच्या मॅच कव्हर करायचा परवाना, आहे का हे एडिटरला स्पष्ट विचार, गेटवर उभं राहून विचारायची गोष्ट नाही ती.

आता लिहिण्याचं. शिट्टीला रिपोर्ट म्हणजे शिट्टीनंतर लिहायचा नसतो, तोपर्यंत तो लिहून झालेला असतो. पहिला हाफ चालू असतानाच त्याचं लिहीत जायचं आणि हाफ टाइमला २५० ते ३०० शब्द पाठवून मोकळं व्हायचं. मग पंचाहत्तराव्या मिनिटाच्या आसपास दुसऱ्या हाफचं. राहिला इंट्रो, म्हणजे वरचे तीन-चार पॅरा, तो सगळ्यात शेवटी लिहायचा आणि सगळ्यात वर लावायचा. पंच्याऐंशीव्या मिनिटाला १-१ असेल तर बरोबरीचा इंट्रो तयार ठेव आणि खाली दोन ओळी हरल्याच्या, दोन जिंकल्याच्या. हल्ली इंज्युरी टाइम आठ-आठ मिनिटं चालतो आणि लीग टूमध्ये त्यात काय वाट्टेल ते होतं. तू सुंदर वाक्य जुळवत बसलेला असतोस, समोर कॉर्नरवरून कुणाच्या तरी पाठीला लागून बॉल आत जातो आणि सगळं पाडून परत बांधायचं, चार मिनिटांत.

व्हीएआर, म्हणजे व्हिडिओ बघून रेफरीचा निर्णय तपासणं, इथे नाही. बऱ्याच प्रेस बॉक्समध्ये स्क्रीनही नसते, असली तर सगळ्यांच्या माना तिकडे. त्यामुळे गोल झाला की पहिला आवाज येतो तो "कुणाचा टच?" असा. चार जण चार नावं घेतात आणि अर्ध्या मिनिटात एक नाव ठरतं. तुझ्या टीमचा गोल असेल तर अख्खा बॉक्स तुझ्याकडे बघणार, कारण त्यांना तुमचे प्लेअर माहीत नाहीत. हीच तुझी किंमत तिथे. उलट ग्रिम्सबीचं काही हवं असेल तर त्यांच्या लोकल पेपरवाल्याच्या शेजारी बस आणि किकऑफच्या आधीच विचारून घे, लेफ्ट बॅक नवीन आहे का, मागच्या आठवड्यात कोण बसवला होता, गावात मॅनेजरवर कोण चिडलंय. तो सांगतो, कारण उद्या त्यालाही चेस्टरफिल्डला यायचंय.

टीम शीट मिळाली की नंबर आणि नावं स्वतःच्या हाताने वहीत उतरव, फॉर्मेशनच्या जागेवर. फोटो काढून ठेवू नकोस, हाताने लिहिलेलं डोक्यात बसतं. वेळेचं एक, घड्याळात २३:१० ला गोल झाला तर तो २४व्या मिनिटाचा, नवीन पोरं इथे हमखास घसरतात. प्रेक्षकांचा आकडा दुसऱ्या हाफमध्ये केव्हातरी अनाऊन्स होतो, सोबत अवे फॅन्स किती तेही बहुतेक सांगतात, तो आकडा सोडायचा नाही, आपल्या वाचकांना त्याचाच अभिमान असतो.

आणि प्रेस बॉक्समध्ये ओरडायचं नाही. गोल झाला तरी. हा नियम कुठे लिहिलेला नाही पण मोडलास तर लोक वर्षभर लक्षात ठेवतात.

डोंबिवलीकर_शेफिल्डात

बापरे, प्रिंट काढून ठेवतो. पण एक कळलं नाही. हल्ली क्लबच स्वतः सगळं ट्वीट करतो, हायलाइट्स रात्री यूट्यूबवर येतात, मग माझे ६०० शब्द वाचणार कोण?

ढगाळ_हवा

शनिवारी ३ ची मॅच असेल तर चेस्टरफिल्डमध्ये घरी बसलेल्या माणसाला ती टीव्हीवर दिसत नाही. इंग्लंडमध्ये शनिवारी दुपारी पावणेतीन ते सव्वापाच लाइव्ह फुटबॉल दाखवायलाच बंदी आहे, लोकांनी टीव्ही सोडून ग्राउंडवर जावं म्हणून १९६०च्या दशकापासून चालत आलंय. म्हणजे हजार-एक जण गेले ते गेले, बाकीच्यांनी रेडिओ ऐकला. रेडिओवर "पेनल्टी बॉक्समध्ये गडबड, अपील, नाही!" एवढंच कळतं. त्यांना तुझ्याकडून हवं असतं की ती पेनल्टी होती का. हायलाइट्समध्ये गोल येतात. पन्नासाव्या मिनिटापासून मिडफिल्ड कसं सुटलं आणि मॅनेजरने चेंज करायला वीस मिनिटं का लावली ते येत नाही. होम मॅचला अर्धे वाचक स्वतः बघून आलेले असतात, त्यांना तुझं मत हवं असतं. अवेला आधी डोळे हवे असतात, मत नंतर.

नियमावली_काकू

फुटबॉलमधलं मला ओ की ठो कळत नाही, पण एक विचारते. पैसे मिळणार आहेत का? यूकेच्या स्टुडंट व्हिसावर सेल्फ-एम्प्लॉयमेंट चालत नाही, म्हणजे फ्रीलान्सर म्हणून बिल पाठवणं बंद. टर्म चालू असताना डिग्रीवाल्यांना आठवड्याला २० तास नोकरी करता येते पण ती नोकरी पाहिजे, पेरोलवर. कोर्सचं अधिकृत प्लेसमेंट असेल तर त्याचे नियम वेगळे. "एकच तर मॅच आहे" म्हणू नकोस, तुझ्या नावाने छापून येणार आहे ते. युनिव्हर्सिटीच्या इंटरनॅशनल ऑफिसला मेल टाक आणि उत्तर लेखी घे.

डोंबिवलीकर_शेफिल्डात

काकू थँक्यू, हे डोक्यातच नव्हतं. एडिटर "इनव्हॉइस पाठव" म्हणाला होता, उद्याच विचारतो.

म्हापशेकर

मी पणजीला मराठी दैनिकात स्पोर्ट्स बघायचो. हल्ली आपल्याकडे आय-लीगच्या, म्हणजे आपल्या देशातल्या क्लब फुटबॉल लीगच्या, अवे मॅचला पेपर कुणाला पाठवतच नाहीत, ऑफिसात स्ट्रीम लावायची आणि लिहायचं, त्यामुळे तुझा हेवा वाटला. मी ऐजॉलला गेलेलो एकदा. मिझोरामला बाहेरच्यांना इनर लाइन परमिट लागतं, लेंगपुई एअरपोर्ट गावापासून तीसेक किलोमीटर पण डोंगरातला रस्ता, तास-दीड तास धर. आणि तिकडे अंधार एवढ्या लवकर पडतो की मॅच भर दुपारी लावतात, जेवण राहतंच.

माझी तिथली खरी अडचण नावांची झाली. अर्ध्या टीमची नावं "लाल"ने सुरू, लालरिन अमुक, लालनुन तमुक, आणि मी वहीत शॉर्टमध्ये "लाल" लिहीत बसलो तर हाफ टाइमला माझ्याकडे पाच लाल. मग नुसते नंबर लिहायला लागलो. शेजारचा मिझो पत्रकार बघून हसत होता, म्हणाला गोव्याची टीम आली की आमचं फर्नांडिस-फर्नांडिस होतं. बरोबरच बोलला.

आणि अवे मॅचची मजा काय असते ते ऐजॉलचंच बघ. २०१५-१६ला ते आय-लीगमधून खाली गेलेले, मग धेंपो, साळगावकर आणि स्पोर्टिंग असे आमचे तिन्ही क्लब लीगमधून बाहेर पडले म्हणून त्यांना परत घेतलं, आणि पुढच्याच सीझनला कोच खालिद जमीलच्या हाताखाली ते चॅम्पियन! शेवटची मॅच ३० एप्रिल २०१७, शिलाँगला, लाजोंगविरुद्ध, म्हणजे अवेच. पॉइंट लागत होता एक. लाजोंगने आधी गोल केला, मग दुसऱ्या हाफमध्ये लालनुनफेलाने १-१ केली आणि ट्रॉफी मिझोरामला. त्या दिवशी ज्याने इंट्रो आधीच लिहून ठेवला असेल त्याचं काय झालं असेल विचार कर. आम्ही गोव्यात बसून बघत होतो, बरं वाटत होतं आणि पोटात दुखतही होतं. धेंपो नंतर थेट २०२४-२५ला आय-लीगमध्ये परत आला.

तालीम_कोल्हापूर

ढगाळ_हवा साहेब बाकी सगळं पटलं, पण ओरडायचं न्हाई हे आमच्याकडं जमत न्हाई बघा. 😄 शाहू स्टेडियमवर पाटाकडील आणि शिवाजी तरुणची मॅच असली की प्रेसमधला माणूस कुठल्या पेठेतला हे अख्ख्या स्टँडला ठाऊक असतंय. न्यूट्रल राहिला तरी कोण विश्वास ठेवतंय? आणि इथं वाचणाऱ्यानं मॅच स्वतः बघितलेली असते, वर गल्लीच्या कट्ट्यावर रात्रभर चर्चा झालेली असते, त्यामुळं दुसऱ्या दिवशी "आमच्या पोरानं दिलेला पास दिसला न्हाई व्हय?" म्हणून फोन येतोय. तुला निदान ते टेन्शन न्हाई भावा, तिथं तुला कोण ओळखतंय.

एक कामाचं सांगतो. आमच्याकडं बऱ्याच मॅचला टीम शीट मिळायचीच मारामार, म्हणून मी वॉर्म-अप बघायची सवय लावली. कोण डाव्या पायाचा, फ्री किकची प्रॅक्टिस कोण करतोय, गोलकीपर हाय बॉलला बाहेर येतोय का, हे तिथंच कळतंय. नंबर नंतर लागू पडतात, आधी चालायची ढब ओळखायची. कुणाचे मोजे खाली, कुणाचे केस बांधलेले, कोण खांदा पाडून पळतोय. चिखलात नंबर दिसायचा बंद झाला की हेच उपयोगाला येतंय.

ढगाळ_हवा

वॉर्म-अपचं शंभर टक्के. मी लिहायला विसरलो ते लिहिलंत.

कोट्सबद्दल राहिलं. मॅच संपली की मॅनेजर आधी रेडिओला आणि क्लबच्या चॅनलला बोलतो, मग तुम्हा लिहिणाऱ्यांना. हरले असतील तर ड्रेसिंग रूमचं दार अर्धा तास उघडत नाही, कॉरिडॉरमध्ये उभं राहायची तयारी ठेव आणि गाडीचं टाइमटेबल आधी बघून ठेव. पहिला प्रश्न "कसं वाटतंय" नको. एखादा प्रसंग पकड, साठाव्या मिनिटाला अमक्याला का काढला, असं. रेकॉर्डर दोन. आणि बोटं कापलेले ग्लोव्ह्ज घे, ते ग्राउंड हंबर नदीच्या तोंडावर आहे, वारा सरळ आत येतो आणि टायपिंग करणारे हात आधी जातात. पॉवर बँक आणि स्वतःचा हॉटस्पॉटही घे, प्रेस बॉक्सच्या वायफायवर विश्वास ठेवून कुणाचंही भलं झालेलं नाही. तिथला मेन स्टँड १९०१चा आहे, इतक्या जुन्या स्टँडमध्ये खांब मध्ये येतो, लवकर गेलास तर खांब टाळून सीट मिळेल.

घरची टीम साधी समजू नकोस हं. ऑगस्ट २०२५ला याच ब्लंडेल पार्कवर त्यांनी लीग कपमध्ये मँचेस्टर युनायटेडला पेनल्टीवर १२-११ घालवलंय. फॅन्स हवेचे मासे फुगवून नाचवतात, हॅडॉक, तो रंग रिपोर्टमध्ये एका ओळीत येऊ दे, तीन पॅरा नको.

डोंबिवलीकर_शेफिल्डात

सगळं नोट केलंय. इंटरनॅशनल ऑफिसचं उत्तर आलं, प्लेसमेंट म्हणून चालेल, इनव्हॉइस नाही. पासही कन्फर्म झाला. शेवटचा प्रश्न, जेवणाचं काय? प्रेस रूममध्ये काही मिळतं का?

ढगाळ_हवा

क्लबवर आहे. कुठे पाय (pie, सारण भरलेली पेस्ट्री) आणि चहा, कुठे नुसता चहा. भरवसा धरू नकोस, डबा ने.

म्हापशेकर

क्लीथॉर्प्सला जाऊन डबा? शेजारचं ग्रिम्सबी मासळीचं बंदर आहे, फिश अँड चिप्स खा रे बाबा.

नियमावली_काकू

खा, पण आधी विचार. त्या भागात बरेच जण बीफ ड्रिपिंगमध्ये तळतात, म्हणजे गाईबैलाच्या चरबीत, चिप्ससुद्धा. चालत असेल तर प्रश्नच नाही. नसेल तर तेलात तळणारं दुकान शोधून ठेव, सापडतं.

तालीम_कोल्हापूर

काकूंना फुटबॉल कळत न्हाई म्हणे. स्कोअर टाक रे इथं, शिट्टी वाजल्या वाजल्या.