बरे होण्याचे प्रमाण कमी आले, तर जंतनाशक औषध निष्फळ ठरले असे मानावे का?

अनुजा (प्रश्न)

सार्वजनिक आरोग्याच्या पदव्युत्तर अभ्यासासाठी मी मातीतून पसरणाऱ्या जंतांवरील औषधांच्या चाचण्या वाचत आहे. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या एकत्रित विश्लेषणानुसार अल्बेंडाझोलची ४०० मिलिग्रॅमची एकच मात्रा दिल्यावर गोलकृमी झालेल्यांपैकी सुमारे ९५ टक्के आणि अंकुशकृमी झालेल्यांपैकी सुमारे ८० टक्के लोक बरे होतात. चाबूककृमीच्या बाबतीत मात्र हे प्रमाण ३० टक्क्यांच्या आसपासच राहते. त्याच विश्लेषणात चाबूककृमीची अंडी जवळपास निम्म्याने घटल्याचेही नोंदवले आहे. शिवाय औषध, मात्रा आणि जंत तेच असूनही दोन चाचण्यांमध्ये बरे होण्याचे प्रमाण बरेच वेगळे आढळते. अशा वेळी औषधाची परिणामकारकता कोणत्या आकड्यावरून ठरवावी?

काचपट्टी

अनुजाताई, दोन चाचण्यांमधील फरकापासून सुरुवात करतो, कारण त्याचे बरेचसे उत्तर प्रयोगशाळेत आहे. ‘बरा झाला’ याचा येथे अर्थ एवढाच असतो की औषधापूर्वी ज्याच्या शौचात अंडी होती, त्याच्या शौचात औषधानंतर ती दिसली नाहीत. शौचातील अंडी मोजण्याच्या काटो-कात्झ पद्धतीत साच्यातून साधारण ४१.७ मिलिग्रॅम शौच काचपट्टीवर घेतात आणि मोजलेल्या अंड्यांना २४ ने गुणून दर ग्रॅममागील संख्या काढतात. म्हणजे एखाद्याच्या शौचात दर ग्रॅममागे २४ अंडी असतील, तर एका काचपट्टीवर सरासरी एकच अंडे येईल. अंडी अगदी सारखी मिसळलेली असली तरीही अशा सुमारे ३७ टक्के काचपट्ट्यांवर एकही अंडे दिसणार नाही. प्रत्यक्षात ती सारखी मिसळलेली नसतात आणि रोज सारखी पडतही नाहीत. त्यामुळे ज्या चाचणीत औषधानंतर एकच काचपट्टी पाहिली जाते, तिथे ‘बरे झालेले’ जास्त आढळतात. दोन दिवसांचे नमुने घेऊन प्रत्येकाच्या दोन काचपट्ट्या तपासल्या, की तेच प्रमाण खाली येते. औषध तेच असते, शोध अधिक बारकाईने घेतलेला असतो.

अंकुशकृमीच्या बाबतीत आणखी एक अडचण आहे. काचपट्टीवरील ग्लिसरीनमुळे त्याची पातळ कवचाची अंडी लवकर विरघळून दिसेनाशी होतात, म्हणून काचपट्टी तासाभराच्या आत, शक्यतो अर्ध्या तासात वाचावी लागते. नमुन्यांचा ढीग साचून वाचन उशिरा झाले, तर त्या विलंबाचे श्रेय औषधाला मिळते. चाचणीच्या अहवालात काचपट्ट्यांची संख्या आणि वाचनाची वेळ दिली नसेल, तर त्यातील बरे होण्याच्या प्रमाणाची दुसऱ्या चाचणीशी तुलना करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

मध्यमान

वरील मुद्द्याला जोडून लिहितो. बरे होण्याचे प्रमाण प्रत्येक रुग्णाला ‘हो’ किंवा ‘नाही’ एवढेच विचारते. मुळात अंडी किती होती, हे त्यात येत नाही. समजा, चौघांच्या शौचात दर ग्रॅममागे प्रत्येकी ४८०० अंडी होती आणि औषधानंतर ती प्रत्येकी ४८ उरली. बरे होण्याचे प्रमाण शून्य, पण अंड्यांची घट ९९ टक्के. आता दुसरा गट घ्या: औषधापूर्वी २४, ४८, ९६ आणि ९६००; औषधानंतर पहिले तिघे शून्यावर आणि चौथा ४८०० वर. येथे बरे होण्याचे प्रमाण ७५ टक्के आहे, परंतु मातीत जाणारी जवळपास निम्मी अंडी अजून जातच आहेत.

दुसऱ्या गटातील घट साध्या सरासरीने काढली तर ती सुमारे ५१ टक्के येते. त्याच आकड्यांना प्रत्येकी एक मिळवून भौमितिक सरासरी (बेरजेऐवजी गुणाकाराच्या मुळावरून काढलेली) घेतली आणि शेवटी तो एक वजा केला, तर घट ९६ टक्के दिसते. जंतांचे ओझे बहुधा थोड्याच लोकांमध्ये एकवटलेले असते आणि भौमितिक सरासरी नेमके त्यांचेच वजन कमी करते. म्हणूनच जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१३ च्या मार्गदर्शिकेत मुख्य माप म्हणून अंड्यांची घट घेतली आहे, आणि तीही साध्या सरासरीवरून. अल्बेंडाझोलच्या एका मात्रेने समाधानकारक मानायची घट तिथे गोलकृमीसाठी किमान ९५, अंकुशकृमीसाठी ९० आणि चाबूककृमीसाठी ५० टक्के धरली आहे. चाबूककृमीचा उंबरठा इतका खाली ठेवावा लागतो, यातच एका मात्रेची मर्यादा दिसते. या जंताचा पुढचा बारीक भाग मोठ्या आतड्याच्या अस्तरात रुतलेला असतो.

दुसरा नमुना कधी घेतला, हेही पाहा. औषधानंतर १४ ते २१ दिवसांचा काळ सुचवलेला आहे. त्याआधी तपासल्यास अंडी घालणे तात्पुरते थांबलेली मादी मेलेली समजली जाते. फार उशीर झाला, तर औषधाच्या वेळी अपक्व असलेले किंवा नव्याने शिरलेले जंत अंडी घालू लागतात आणि ते औषधाचे अपयश ठरते.

अनुजा

दोघांचेही मनापासून आभार. मग अंड्यांची घट उंबरठ्याखाली आली, तर जंतांमध्ये औषधाला प्रतिकार निर्माण झाला असे म्हणता येईल का?

पशुवैद्य

लगेच नाही, पण त्याकडे दुर्लक्षही करू नये. हे मी मेंढ्यांच्या अनुभवावरून कळकळीने सांगतो. अल्बेंडाझोलच्याच गटातील थायाबेंडाझोल हे औषध १९६१ साली वापरात आले आणि १९६४ पर्यंत मेंढ्यांच्या जठरातील रक्तशोषक जंतांमध्ये त्याला प्रतिकार आढळल्याचे अहवाल प्रसिद्ध झाले. या गटातील औषधे जंतांच्या बीटा-ट्यूब्युलिन या प्रथिनाला चिकटतात आणि त्या प्रथिनाच्या १६७, १९८ व २०० या स्थानांवरील बदलांमुळे ती निष्प्रभ होतात. माणसातील जंतांच्या बाबतीत घट कमी आढळली, तर आधी गोळीची गुणवत्ता तपासावी, ती खरोखर गिळली गेली का ते पाहावे, सुरुवातीची अंडीसंख्या आणि मोजणीची पद्धत तपासावी. त्यानंतरही घट कमीच राहिली, तर त्याच ठिकाणी पुन्हा मोजणी करून जंतांची जनुकीय तपासणी करावी.

तिथेही निष्कर्षाची घाई नको. अल्बेंडाझोल आणि आयव्हरमेक्टिन हे दुसरे जंतनाशक एकत्र दिल्यावर चाबूककृमीवर लाओस आणि टांझानियातील पेंबा बेटावर जो चांगला परिणाम दिसला, तो त्याच चाचणीत आयव्हरी कोस्टमध्ये दिसला नाही. पुढे जनुकीय अभ्यासातून असे समोर आले की तिथल्या रुग्णांमधील चाबूककृमी ही वेगळीच प्रजाती आहे, सूक्ष्मदर्शकाखाली तिची अंडी नेहमीच्या प्रजातीसारखीच दिसतात. तेव्हा घट कमी आल्यास प्रतिकाराबरोबरच प्रजातीचीही खात्री करून घ्यावी, आणि त्यासाठी औषधापूर्वीच्या नमुन्यांचा काही भाग अल्कोहोलमध्ये राखून ठेवावा.