मदत हवी आहे: मे महिन्यात रंगवलेलं गेट श्रावणात गंजलं

सुरूचं_बन
गणपती तोंडावर आलेत, घर माणसांनी भरणार आणि गेट पुन्हा गंजलंय. मे महिन्यात रेड ऑक्साइड मारून वर काळ्या ऑइलपेंटचे दोन हात दिले होते. आता जागोजागी फुगे आलेत. काल एक नखाने दाबला तर तांबूस पाणी निघालं, खालचा पत्रा काळा पडलेला. रंगारी फोन उचलत नाही. कुठला रंग मारू ते चटकन सांगा, रविवारी काम उरकायचंय.

ठिणगी
भरीव पट्टी की बॉक्स पाइप? समुद्र किती लांब?

सुरूचं_बन
वेंगुर्ला. घरामागे बन, पलीकडे किनारा. रंगाचं नाव सांगा ना.

वाडीकर
रेड ऑक्साइड विसरा. झिंकवाला इपॉक्सी प्रायमर, वर पीयू म्हणजे पॉलियुरेथेनचा रंग.

ठिणगी
झिंकचा प्रायमर उघड्या, चकचकीत लोखंडाला चिकटला तरच कामाचा. घरी ब्रशने घासलेल्या गंजावर मारून पैसे वाया जातील.

वाडीकर
माझ्या गेटला चार पावसाळे झाले, काही नाही.

ठिणगी
तुमचं गेट सावंतवाडीला, दादा. तिथे खारं वारं कुठे?

नारळीपोफळी
सागवानी गेट करा, कटकट मिटली.

मीठागर
रंगाआधी गेट गोड्या पाण्याने धुतलं होतं का?

सुरूचं_बन
पॉलिश पेपर मारला होता. धुतलं तर उलट गंज चढेल ना?

मीठागर
घासून मीठ जात नाही. ते रंगाखाली राहिलं की बाहेरची ओल आत ओढतं. तुमच्या फुग्यातलं पाणी तेच. धुवायचं, उन्हात कडकडीत वाळवायचं, त्याच दिवशी प्रायमर.

मालवणी_तात्या
सरळ गॅल्वनाइज करून आणा. ४५० अंशांच्या वितळलेल्या जस्तात बुडवतात, आतबाहेर थर बसतो.

ठिणगी
तात्या, बंद पाइप तसाच बुडवला तर आतल्या वाफेने फुटतो. आधी भोकं पाडावी लागतात. बन, तुमचा बॉक्स पाइपच ना? खालच्या आडव्या पाइपला पाणी जायला भोक आहे?

सुरूचं_बन
बॉक्स पाइपच. भोक नाही.

ठिणगी
खालून ६ मिमीचं पाडा आणि काय निघतं ते सांगा.

सुरूचं_बन
पाडलं. तांब्याभर पाणी आलं, चहासारखं. हे दोन वर्षं आत होतं?

ठिणगी
वेल्डिंगच्या बारीक फटीतून शिरतं, बाहेर यायला वाट नसते. पत्रा आतून खाल्ला गेलाय, त्यावर बाहेरून कुठलाही रंग उपयोगाचा नाही. हातोडीने ठोकून बघा, बद्द वाजेल तेवढा तुकडा बदला. या दमट हवेत रंग मात्र नको, दिवाळीनंतर करा.

वाडीकर
तोवर गाडीचं जळकं ऑइल फासा.

मीठागर
मुळीच नको. नंतर त्यावर प्रायमर धरणार नाही.

सुरूचं_बन
खालचा पाइप हातभर बद्द वाजतोय. वेल्डरला सोमवारी बोलावलंय. वरचे उभे गज ठणठणीत आहेत, ते तसेच ठेवू?

कोकमसार
गंजाचा विषय निघालाच आहे तर, बिडाचा तवा पावसात लाल होतो त्याला काय करता?