'क्लस्टर'साठी समूह, संकुल की गट?

अनुवादक: तीन गावांतील तीन महाविद्यालयांच्या एका अहवालाचा अनुवाद मी करीत आहे. प्रत्येकाचे प्राचार्य आणि इमारत वेगळी असली, तरी ग्रंथालय, प्रयोगशाळा, परीक्षा विभाग आणि नियामक मंडळ सामाईक आहे. मी 'महाविद्यालय समूह' असे लिहिले होते. संपादकांनी ते खोडून 'संकुल' केले. संकुल म्हटले की मला एकाच आवारातील इमारती दिसतात.

जुना मास्तर: संपादकांचे चुकलेले नाही. कोठारी शिक्षण आयोगाने (१९६४–६६) सुचवलेल्या, जवळपासच्या शाळा एकमेकींना जोडण्याच्या व्यवस्थेला आम्ही 'शाळा संकुल'च म्हणत आलो आणि त्या शाळा वेगवेगळ्या गावांतच होत्या. आवाराचा अर्थ क्रीडा संकुल आणि व्यापारी संकुल यांच्या पाट्यांनी नंतर चिकटवला.

कागदोपत्री: तरीही रूढी 'समूह'च्या बाजूने आहे. एल्फिन्स्टन, सिडनहॅम आणि विज्ञान संस्था ज्यात आहेत, ते २०१९ साली स्थापन झालेले डॉ. होमी भाभा राज्य विद्यापीठ 'समूह विद्यापीठ' म्हणूनच ओळखले जाते.

कोकणकर: तुम्ही 'गट' विसरलात. दोन-तीन गावे मिळून एक सरपंच असला की ती गट ग्रामपंचायत होते. अर्थात आमच्याकडे बोलताना सगळे 'ग्रुप ग्रामपंचायत'च म्हणतात आणि त्याने मराठीचे काही बिघडलेले नाही.

जुना मास्तर: बिघडले आहेच, फक्त तुमच्या कानांना सवय झाली आहे! शिवाय गटशिक्षणाधिकाऱ्यातील 'गट' म्हणजे ब्लॉक. एकाच शब्दावर किती ओझी लादायची?

धातुपाठी: मौज अशी की समूह आणि व्यूह हे दोन्ही शब्द 'ऊह्' धातूचेच. व्यूहात मांडणी आहे, तर समूहात नुसते एकत्र लोटणे. संस्कृतात केरसुणीला 'समूहनी' म्हणतात. ज्यात सामाईक कारभाराची आखणी आहे, त्याला खरे तर व्यूह म्हणायला हवे.

जुना मास्तर: म्हणजे पानशेत आणि तोरणमाळच्या समूहशाळांना नाव अगदी नेमके मिळाले. आसपासच्या लहान शाळा झाडून एका जागी गोळा केल्यावर दुसरे काय म्हणणार?

कागदोपत्री: हा धोरणावरचा राग झाला, शब्दावरचा नव्हे. लांबच्या शाळेपर्यंत वाहनाची सोयही सरकारच्या समूहशाळा योजनेत धरली आहे.

जुना मास्तर: पावसाळ्यात ते वाहन घाटात अडकले, तर त्याला कोणता शब्द वापरायचा, तेही सांगा.

अनुवादक: सध्या माझ्या मसुद्यात मुखपृष्ठावर 'समूह' आणि अनुक्रमणिकेत 'संकुल' आहे. 'व्यूह' कळवल्यावर संपादकांनी, हा अहवाल महाविद्यालयांचा आहे की कुरुक्षेत्राचा, असे विचारले आहे.