.२२ पिस्तूल केवळ जलद फेरीतच अडकते : कारण शोधण्यासाठी मदत हवी आहे

नमस्कार.

मी पुण्यात गेली तीन वर्षे २५ मीटर पिस्तूल प्रकाराचा सराव करते. राही सरनोबत यांनी २०१८च्या आशियाई स्पर्धेत ज्या प्रकारात सुवर्णपदक मिळवले, तोच हा प्रकार. पिस्तूल माझे स्वतःचे नाही. ते क्लबच्या परवान्यावरचे असून माझ्याखेरीज आणखी चार-पाच जण ते वापरतात. युरोपीय बनावटीचे, अर्धस्वयंचलित, .२२ लाँग रायफल काडतुसाचे आणि पाच काडतुसांच्या मॅगझिनचे हे पिस्तूल साधारण बारा वर्षे जुने असावे. कंपनीचे नाव मुद्दाम देत नाही, कारण दोष बनावटीचा आहे असे मला वाटत नाही.

अडचण अशी की, पहिल्या टप्प्यात, म्हणजे पाच मिनिटांत पाच गोळ्या झाडायच्या अचूकतेच्या फेऱ्यांत, हे पिस्तूल जवळजवळ कधीच अडकत नाही. मात्र लक्ष्य तीन सेकंद समोर येते आणि सात सेकंद फिरते, त्या जलद फेऱ्यांत ते हमखास दगा देते. गेल्या पाच सरावांची नोंद मी वहीत ठेवली आहे. ३२५ काडतुसांत १४ वेळा पिस्तूल अडकले आणि त्यांपैकी १२ वेळा जलद फेरीत. या १४ प्रसंगांत नऊ वेळा रिकामी पुंगळी (उडालेल्या काडतुसाचे कवच) बाहेर न पडता बोल्ट (दर गोळीला मागे जाऊन पुढे येणारा भाग) आणि नळीच्या मध्ये उभी अडकली, तीन वेळा नवे काडतूस चेंबरच्या, म्हणजे नळीत काडतूस बसते त्या जागेच्या, कडेवर नाक आपटून थांबले आणि दोन वेळा चाप ओढूनही काडतूस उडाले नाही. शेवटच्या दोन्ही वेळी मी पिस्तूल लक्ष्याकडेच रोखून अर्धा मिनिट थांबले, मग मॅगझिन काढले आणि रेंजवरील अधिकाऱ्यांच्या देखत काडतूस बाहेर काढले.

आमच्या प्रशिक्षकांचे मत असे की जलद फेरीत हात खालून वर आणताना माझे मनगट सैल राहते, त्यामुळे पिस्तुलाचा धक्का हातातच जिरतो आणि बोल्टला मागे जाण्यासाठी पुरेसा आधार मिळत नाही. हे कारण खोटे नाही, नवशिक्यांच्या बाबतीत असे होताना मी पाहिले आहे. परंतु मनगट इतके सैल असते तर गोळ्यांचा पुंजका खाली-वर पसरला असता. माझा जलद फेरीतला पुंजका, अडकण्याचे प्रसंग वगळले तर, पूर्वीइतकाच आहे.

आतापर्यंत केलेले उपाय असे : नळी आतून साफ केली, मॅगझिन बदलून पाहिले आणि दुसऱ्या पेटीतली काडतुसे वापरली. यांतील पहिले दोन उपाय मी एकाच दिवशी केले, ही माझी चूक, कारण त्या दिवशी पिस्तूल बरे चालले आणि श्रेय कोणाला द्यावे हे कळेनासे झाले. पुढच्या महिन्यात निवड चाचणी आहे. स्पर्धेत पिस्तूल अडकले तर ते लक्ष्याच्या दिशेने तसेच धरून मोकळा हात वर करायचा आणि पंचांना कळवायचे, हा नियम मला ठाऊक आहे. मात्र पंच कारण तपासतात, आणि नेमबाजाने स्वतः बोल्टला हात लावला असेल किंवा बिघाड वाजवी काळजी घेऊन टाळता येण्यासारखा असेल, तर सवलत मिळत नाही. म्हणून आधी मूळ कारण कळावे, ही विनंती.

प्रतिसाद

नमस्कार ताई. नोंदी ठेवल्या आहेत, त्यामुळे बोलणे सोपे झाले. बहुतेक जण ‘सारखे अडकते’ एवढेच सांगतात.

आपल्या प्रश्नात एक गोष्ट गृहीत धरलेली दिसते. जलद फेरी नेहमी दुसऱ्या टप्प्यात येते. म्हणजे ती सुरू होईपर्यंत सुरुवातीच्या चाचणीच्या पाच आणि अचूकतेच्या तीस अशा किमान पस्तीस गोळ्या त्याच पिस्तुलातून गेलेल्या असतात. .२२च्या गोळीवर मेणाचा किंवा वंगणाचा थर असतो, आणि ते मेण व जळलेल्या दारूची काजळी चेंबरमध्ये, बोल्टच्या तोंडावर व एक्स्ट्रॅक्टरच्या (पुंगळी ओढून काढणाऱ्या भागाच्या) नखाखाली साचत जाते. तेव्हा पिस्तूल ‘जलद’ फेरीत अडकते की ‘नंतरच्या’ फेरीत, हे आधी वेगळे करा. एके दिवशी पूर्ण साफ केलेल्या पिस्तुलाने थेट जलद फेरीपासून सुरुवात करा आणि अचूकतेची फेरी शेवटी घ्या. काडतुसे, मॅगझिन, पकड यांपैकी काहीही बदलू नका.

दुसरी सूचना, पुंगळ्या कुठे पडतात ते पाहा. या पिस्तुलांत बोल्ट कशातही अडकवलेला नसतो. वायूच्या दाबाने पुंगळी मागे ढकलली जाते, ती बोल्टला ढकलते, आणि बोल्टचे वजन व त्याला पुन्हा पुढे आणणारी रिकॉइल स्प्रिंग एवढेच त्याला विरोध करतात. .२२ची गोळी साधारण २.६ ग्रॅमची, म्हणजे ही शक्ती मुळातच बेताची आहे. चेंबर चिकट झाला, स्प्रिंग गरजेपेक्षा कडक असली किंवा कुणी घट्ट तेल ओतून ठेवले, की बोल्ट पूर्ण मागे जात नाही आणि पुंगळी इजेक्टरवर (तिला बाहेर उडवणाऱ्या भागावर) जोरात आपटत नाही. मग ती दूर न उडता जवळच पडते, आणि त्याहून कमी जोर असेल तर मध्येच उभी राहते. शेवटच्या गोळीनंतर बोल्ट मागे अडकून राहायला हवा. तो पुढे बंद होत असेल तर तेही याचेच लक्षण आहे, अर्थात मॅगझिन किंवा बोल्ट रोखणारा खटका झिजलेला नसेल तर.

प्रतिसाद

न उडालेली दोन काडतुसे जपून ठेवली असल्यास त्यांच्या कडेवरचा ठसा पाहावा. .२२ मध्ये चेतक द्रव्य कडेच्या आत असते, त्यामुळे ठसा उथळ असेल तर फायरिंग पिन (काडतुसावर आपटणारी पिन) किंवा तिच्या मार्गातली घाण यांकडे पाहावे लागेल, आणि ठसा खोल असेल तर तो काडतुसाचा दोष समजावा. आणखी एक : क्लबमध्ये नवी मुले रिकाम्या चेंबरवर चाप ओढण्याचा सराव करतात का? अनेक बनावटींत त्यामुळे पिन चेंबरच्या काठावर आपटून तिथे बारीक कोच पडतो, आणि काडतूस आत जाताना व पुंगळी बाहेर येताना तिथेच धरते. मात्र कानस घेऊन हे स्वतः घासायला जाऊ नये. ते परवानाधारक कारागिराचेच काम आहे, आणि क्लबच्या पिस्तुलाला हात लावण्यापूर्वी क्लबची परवानगीही हवी.

मूळ प्रश्नकर्तीचे उत्तर

दोघांचेही आभार. रविवारी सांगितल्याप्रमाणे केले.

साफ पिस्तुलाने आधी जलद फेऱ्या घेतल्या. तीस गोळ्यांत एकदाही अडकले नाही. त्यानंतर अचूकतेची फेरी घेतली, आणि चौथ्या मालिकेत (पाच गोळ्यांची एक मालिका) पुंगळी उभी अडकली, सहाव्या मालिकेत पुन्हा. मी हळू, पूर्ण स्थिर मनगटाने चाप ओढत होते, त्यामुळे प्रशिक्षकांनीही मनगटाचा मुद्दा सोडून दिला. (त्यांनी तो हसून सोडला, हे सांगायला हवे.)

पुंगळ्यांसाठी उजवीकडे जुनी चादर अंथरली होती. सुरुवातीच्या पुंगळ्या दीड मीटरच्या आसपास पडत होत्या, चाळिसाव्या गोळीनंतर त्या जेमतेम हातभर अंतरावर पडू लागल्या, आणि शेवटच्या तीन मालिकांत पाचव्या गोळीनंतर बोल्ट एकदाही मागे अडकला नाही. त्याच मॅगझिनने सुरुवातीला तो व्यवस्थित अडकत होता, म्हणून मॅगझिनवरचा संशय मी तूर्त काढून टाकला आहे. न उडालेल्या काडतुसांपैकी एकच सापडले. ठसा खोल आणि स्पष्ट आहे.

मग क्लबच्या कारागिरांनी पिस्तूल उघडले. चेंबरमध्ये काजळीचे कडे होतेच, कारण आम्ही सगळे नळीतून दोरी ओढून समाधान मानत होतो आणि चेंबरला ब्रश कुणीच लावत नव्हते. काठावर कोच आढळला नाही. मात्र रिकॉइल स्प्रिंग क्लबमधल्या त्याच बनावटीच्या दुसऱ्या पिस्तुलातील स्प्रिंगशेजारी ठेवली, तेव्हा आमची स्प्रिंग तारेने जाड निघाली. कुणीतरी पूर्वी वेगवान काडतुसांसाठी ती बदलली असावी. आम्ही मात्र साधारण वेगाची काडतुसे वापरतो. म्हणजे पिस्तूल साफ असताना जेमतेम निभावत होते आणि थोडी काजळी साचली की कमी पडत होते.

दुसऱ्या पिस्तुलाची स्प्रिंग तात्पुरती बसवून कारागिरांसमोर साठ गोळ्या झाडल्या. पुंगळी एकदाही उभी राहिली नाही. परंतु नवे काडतूस चेंबरच्या कडेवर थांबण्याचा प्रकार एकदा घडला, आणि तो दुसऱ्या क्रमांकाच्या मॅगझिनमध्ये घडला. आधीच्या तीन प्रसंगांपैकी दोन वेळाही तेच मॅगझिन होते, हे वहीत पाहिल्यावर लक्षात आले. त्याच्या ओठांमधले, म्हणजे काडतूस धरून ठेवणाऱ्या वरच्या कडांमधले, अंतर पहिल्या मॅगझिनपेक्षा डोळ्यांना थोडे जास्त दिसते. असे ओठ कारागिराकडून वाकवून घेणे टिकाऊ ठरते, की मॅगझिन बाद करून नवेच मागवावे? नवे मॅगझिन आयात होऊन येईपर्यंत निवड चाचणी होऊन जाईल, म्हणून अनुभव असलेल्यांनी कृपया सांगावे.

प्रतिसाद

निवड चाचणीला पहिले मॅगझिन घेऊन जा. दुसऱ्यावर रंगाची खूण करून ते सरावापुरते ठेवा. ओठ एकदा नीट वाकवून घेतले तर काही महिने चालतात, पण पत्रा पुन्हा पुन्हा वाकवला की तडकतो, असा माझा अनुभव आहे. म्हणून नव्याची मागणी आजच नोंदवा. आणि जाड स्प्रिंग फेकू नका, तिला चिठ्ठी बांधून पेटीत ठेवा, नाहीतर पुढच्या वर्षी कुणीतरी ती पुन्हा बसवेल.