ट्रकला सिंथेटिक ऑईल: फायदा गाडीचा की दुकानदाराचा?

लासलगाव_दहाटायरी
मंडळी, घरच्या दोन गाड्या. जुनी २०१२ ची, बीएस-३ प्रदूषण नियमाची, मेकॅनिकल पंपाची. दुसरी २०२१ ची बीएस-६. दोन्ही कांदा घेऊन न्हावा शेव्याला जातात, परतीला मिळेल ते भाडं. ऑईलवाला मागे लागलाय, दोन्हींना साध्या खनिज ऑईलऐवजी सिंथेटिक टाका. भाव साध्याच्या दुप्पट. ड्रायव्हर म्हणतो, "शेठ, ते पाण्यासारखं पातळ, बेअरिंग खाऊन टाकेल." माझं मत असं की साधं १५डब्ल्यू-४० (हा ऑईलच्या घट्टपणाचा नंबर) वेळेवर बदललं की काम झालं. चुकत असेन तर सांगा.

मिस्त्री_जुना
अजिबात चुकत नाही. तीस वर्षं इंजिनं बांधतोय. ऑईल साधं होतं म्हणून बसलेलं इंजिन अजून माझ्याकडे आलं नाही. येतात ती एअर फिल्टर फाटका म्हणून, रेडिएटरमध्ये कूलंटऐवजी बोअरचं पाणी म्हणून, नाहीतर महिनाभर ऑईलची पट्टीच कुणी काढून बघितली नाही म्हणून. धूळ आत गेली की बादली सोन्याची असो, लायनर घासणारच.

घाटमाथा
मिस्त्री, धुळीचं मान्य. पण ड्रायव्हरचं "पातळ" खोडायलाच हवं. सिंथेटिकचं ५डब्ल्यू-४० आणि साधं १५डब्ल्यू-४०, यांतला ४० एकच आहे; डब्ल्यूआधीचा आकडा थंडीतला, नंतरचा तापलेल्या इंजिनातला. इंजिन तापल्यावर, म्हणजे १०० अंशाला, दोघांचा घट्टपणा एकाच पट्ट्यात, १२.५ ते १६.३ सेंटिस्टोक. फरक पडतो तो थंडीत. सकाळी सेल्फ मारल्यावर ५डब्ल्यू लवकर वरपर्यंत पोचतं, आणि झीज जास्त तेव्हाच होते.
दुसरं म्हणजे टर्बो. परतीला भरून कसारा चढायचा, वर आल्या आल्या धाब्यावर गाडी लावायची आणि लगेच चावी फिरवायची. टर्बोच्या बेअरिंगमध्ये अडकलेलं ऑईल तिथेच भाजतं. साधं ऑईल लवकर जळून कोळसा धरतं, सिंथेटिक जास्त उष्णता सोसतं.

मिस्त्री_जुना
चावी फिरवायच्या आधी दोन-तीन मिनिटं गाडी स्लोवर ठेवा. फुकटचा उपाय आहे. आणि थंडीचं कौतुक लेहला जाणाऱ्याने करावं. १५डब्ल्यूची स्टार्टिंगची चाचणी उणे २० ला होते. आपल्या निफाडात पारा चार-पाचवर आला की पेपरात फोटो येतो.

हिशेबी_वहिनी
आमच्या सहा गाड्या, वही माझ्याकडे. साधं ऑईल आम्ही २० हजार किलोमीटरला बदलायचो, चांगलं सिंथेटिक ४० हजारांना. दुप्पट भाव, दुप्पट पल्ला, म्हणजे ऑईलचा खर्च तेवढ्यास तेवढा. पण वर्षाला लाखभर किलोमीटर धरा. पाच वेळा गाडी उभी राहायची ती दोन-तीनदाच राहते, फिल्टरचेही पैसे वाचतात. गाडी उभी म्हणजे भाडं बुडालं, हे पुरुष मंडळी हिशेबात धरतच नाहीत.
मात्र एक गाडी हजार किलोमीटरला लिटरभर ऑईल खाते. तिला मी सिंथेटिक देत नाही. महागाचं ऑईल सायलेन्सरमधून उडवायचं कशाला?

मिस्त्री_जुना
वहिनी, ४० हजार कुणाला विचारून? काजळी साठते त्याचं काय?

हिशेबी_वहिनी
कंपनीच्या पुस्तकाला विचारून, आणि पहिल्या वर्षी लॅबमध्ये सॅम्पल तपासून. पूर्वी डिझेलमध्ये गंधक जास्त, त्याचं आम्ल व्हायचं, ते मारण्यात ऑईलमधला अल्कली संपायचा. बीएस-३ च्या डिझेलला गंधकाची ३५० पीपीएमची (दहा लाखांत ३५० भाग) मुभा होती, एप्रिल २०२० पासून देशभर १०. तुमचे जुने आकडे त्या डिझेलचे, दादा.

राख_आणि_काजळी
सगळे सिंथेटिक की साधं यावर भांडताय. बीएस-६ गाडीला तो प्रश्न दुय्यम आहे. सायलेन्सरमध्ये डीपीएफ, म्हणजे काजळी पकडणारा फिल्टर, बसलाय. काजळी रीजनरेशनमध्ये, म्हणजे फिल्टर तापवला की, जळते, पण ऑईलमधल्या अॅडिटिव्हची राख जळत नाही, साठतच जाते. म्हणून कमी राखेचं ऑईल लागतं. सीके-४ या प्रतीच्या ऑईलला राखेची मर्यादा १ टक्का. जुन्या गाडीचं उरलेलं सीआय-४, म्हणजे आधीच्या प्रतीचं ऑईल, नव्या गाडीत ओतलंत तर डब्यावर सिंथेटिक लिहिलेलं असूनही फिल्टर लवकर चोंदणार. आणि सीके-४ साध्या १५डब्ल्यू-४० मध्येही मिळतं.
शिवाय "सिंथेटिक" हा शब्दही तितकासा सोवळा नाही. खनिज तेलच हायड्रोजनच्या दाबाखाली फोडून, शुद्ध करून बनवलेल्या ग्रुप ३ च्या ऑईललाही सिंथेटिक म्हणतात. अमेरिकेत यावरून दोन कंपन्या भांडल्या, आणि १९९९ साली जाहिरातींच्या तक्रारी ऐकणाऱ्या मंडळाने ते चालेल असा कौल दिला.

घाटमाथा
ग्रुप ३ म्हणजे फसवणूक असा सूर नको. साध्यापेक्षा ते उष्णतेत नक्कीच जास्त टिकतं. बाकी डीपीएफचं पटलं.

मिस्त्री_जुना
जुन्या गाडीत सिंथेटिक टाकलं आणि मागच्या सीलमधून गळायला लागलं, अशा दोन गाड्या याच वर्षी आल्या.

राख_आणि_काजळी
सील आधीच गेलं असणार, मिस्त्री. गाळाने भोक बुजलं होतं, नव्या ऑईलने तो धुऊन काढला.

मिस्त्री_जुना
असेल. पण खर्च मालकालाच आला ना?

लासलगाव_दहाटायरी
जुनीला १५डब्ल्यू-४० च ठेवतो, मिस्त्रींचं ऐकून. नवीचं पुस्तक शोधलं, ड्रायव्हरने त्यावर चहाचे कप ठेवून ठेवून ऑईलचं पान गोल गोल केलंय. सीके-४ एवढं वाचता आलं, पल्ल्याचा आकडा डागाखाली गेला. शोरूमला विचारतो. वहिनी, लॅबला सॅम्पल कसं काढता?

हिशेबी_वहिनी
गाडी चालवून आल्यावर, ऑईल गरम असताना. ड्रेनचा बोल्ट काढला की पहिली धार सोडून द्या, गाळ असतो. मधल्या धारेतलं स्वच्छ बाटलीत घ्या. पाण्याची जुनी बाटली नको, एकदा आमचं सॅम्पल पाणी निघालं म्हणून परत आलं होतं.