जुनाट कंबरदुखी: तुम्हाला कशानं फरक पडला?

सुरुवात मीच करते. वय 46, पुणे, बँकेत कॅशियर. गणपतीचं मखर माळ्यावरून काढताना कमरेत उसण भरली. "पडून राहा" असं सांगितलं गेलं, म्हणून तीन आठवडे पडून राहिले. उठले तेव्हा मोरीपर्यंत जायचीही भीती वाटत होती. एमआरआयमध्ये 'एल4-एल5 डिस्क बल्ज' (कमरेच्या मणक्यांमधली चकती थोडी बाहेर आलेली) लिहून आलं आणि मी वाकणंच सोडलं. भाचीलासुद्धा उचलत नव्हते, ते फार लागायचं.

फिजिओथेरपिस्टबाईंनी समजावलं: काहीही दुखत नसलेल्या पन्नाशीच्या निम्म्याहून अधिक लोकांत असे बल्ज दिसतात. तीन महिन्यांपुढे दुखत राहिलं, तर बऱ्याचदा इजा भरून आलेली असते, मज्जासंस्था मात्र सावधच राहते. चोर गेला तरी कुत्रं भुंकत राहतं तसं. रोज पाच मिनिटं चालायला लावलं, दर दोन दिवसांनी एक मिनिट वाढवायचं. बरं वाटलं म्हणून एका दिवसात दुप्पट चालायचं नाही, ही अट सगळ्यात अवघड. आता तळजाई टेकडीवर चाळीस मिनिटं चालते. दुखतं अजून, पण भाची कडेवर असते.

एसटी चालक, सांगली: बावीस वर्षं स्टेअरिंगवर. कमरेच्या पट्ट्याशिवाय गाडीवर बसत नव्हतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2023 च्या मार्गदर्शनातही जुनाट कंबरदुखीला पट्टा नको म्हटलंय, हे डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा पटलं नव्हतं. हळूहळू सोडला. आता प्रत्येक थांब्यावर उतरून गाडीला एक फेरी मारतो.

लांजा, रत्नागिरी: भातलावणीत विश्रांती कुठली? दिवसभर एकच काम करत नाही एवढंच. थोडा वेळ तरवा काढते, मग लावते, मग बांधावर उभी राहते. त्यानं निभतं.

नाशिक, वय 29: माझं उलटं होतं, आराम केला की वाढायचं. पहाटे दुखण्यानं जाग यायची, सकाळी तासभर पाठ लाकडासारखी, चाललो की मोकळी. चार वर्षं 'बसून काम करतोस म्हणून' हेच ऐकलं. शेवटी संधिवाततज्ज्ञांनी अँकिलोझिंग स्पाँडिलायटिस (मणक्यांना सूज आणणारा संधिवात) ओळखला. तरुण वयात असं होत असेल तर कृपा करून थांबू नका.

पुन्हा मी, पुणे. यात माझी एक भर: बसायची जागा बधिर झाली, लघवी अडली किंवा पायातली ताकद गेली, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठा.

रात्रीच्या झोपेचं काय केलंत, तेही लिहा. मला तेवढं अजून जमलेलं नाही.